पाणीवाल्या बाई

“आता त्यांनाच म्हणतात, पाणीवाल्या बाई,” असं म्हणून कारकूनकाकांनी बिस्किट चहात बुडवलं, आणि ते वर काढेस्तोवर अर्धं आतच गळून पडलं. मग ते चमच्यानं शोधण्यात काका गुंतले म्हणून बरं, नाहीतर समोर बसलेल्या बाईचा चेहरा त्यांना दिसला असता. पदराआड तिची मुलगी दूध पिता पिता झोपेला आली होती, आणि तिला वाटलं, आपल्या छातीत आत्ता हे जे आंबट उसळलं ते दुधातून पोरीच्या पोटात तर नाही ना उतरायचं. काका कचेरीतून बाळ बघायला आले होते. पोर शाळेत जाऊ लागेल तेव्हा होईल असा झगा घेऊन आले होते आणि वर कौतुकानं म्हणाले होते, “मापाचाच आहे हं, दुकानदाराला वय सांगून घेतलाय.” तीही हसली होती. मग तिनंच, आपल्याला काही फारसं घेणंदेणं नाही अशा आवाजात विचारलं होतं, “काय म्हणते नवी?” नवी म्हणजे हिच्या रजेच्या जागी आलेली मुलगी. तिला नाव होतं, चांगलं दोन अक्षरी नाव होतं, पण ही ते मनातसुद्धा घेत नसे. आणि काका सुटले. नव्या बाई अशा, नव्या बाई तशा. कचेरीला स्वतःची गाडी आली, स्वतःचा डॉक्टर आला, खालचा मजलासुद्धा आपल्यालाच मिळाला, आता नुसते तुरुंग नव्हेत, पोलिसांच्या कोठड्या, परदेशी माणसं डांबून ठेवतात ते आवार, वेड्यांच्या इस्पितळातला कुलूपबंद वॉर्ड, सगळीकडे आपला माणूस जाणार, कुणाला न विचारता जाणार. हे सगळं तिनं गिळलं. गाडी गिळली, डॉक्टर गिळला. पण ते नाव घशात अडकलं.

कारण ते नाव तिचं होतं. कुणी बारसं करून दिलेलं नव्हतं, पगारपत्रकात नव्हतं, आणि म्हणूनच दुसऱ्या कुणाचं असू शकत नव्हतं, अशी तिची समजूत. देखरेख कचेरीचं काम म्हणजे तुरुंगाच्या आत जाऊन यायचं, आतली माणसं कशी आहेत ते बघायचं आणि कुणाची भीडभाड न ठेवता ते वर कळवायचं. बोलायला सोपं. पण वर्षानुवर्षं या कचेरीला पैसा मिळायचा तो तुरुंग खात्याच्याच तिजोरीतून, आणि गाडी यायची तीही तुरुंगाचीच. तुरुंगाचा ड्रायव्हर घरापाशी भोंगा वाजवायचा आणि दार उघडून धरून म्हणायचा, “चला बाई, आज अचानक भेट ना?” अचानक भेटीला ती पोचायची तेव्हा फाटकाशी चुन्याचा ओला वास यायचा, फरशा फिनेलनं चकचकलेल्या असायच्या आणि बायका धुतलेले कपडे घालून रांगेत बसलेल्या असायच्या, शाळेत साहेब यायच्या दिवशी पोरं बसतात तशा. तिनं किती वेळा लिहिलं होतं, कुणाकुणाच्या दालनाबाहेर बसून राहिली होती. एक वाक्य तिनं मोठ्या कष्टानं घडवलं होतं: ज्याची झडती घ्यायची त्याच्याच खिशातून भाडं घेऊन आम्ही जातो. हे वाक्य ती आरशासमोर म्हणायची, भांडी घासताना म्हणायची, पोटात मूल फिरायला लागलं तेव्हा त्यालाही म्हणून दाखवायची. आणि शेवटी विधिमंडळाच्या समितीनं कचेरीला बोलावलं तो दिवस नेमका तिच्या कळांचा निघाला. ती इस्पितळात पलंगाची दांडी धरून ओरडत होती तेव्हा तिकडे नवी उठून उभी राहिली आणि तिनं ते वाक्य म्हटलं. समिती म्हणे आधी हसली आणि मग गप्प झाली. पैसा मंजूर झाला, थेट, तुरुंग खात्याला न विचारता. नवीनं फोन करून सांगितलं होतं, “सॉरी, पण तुमचंच वाक्य वापरलं हं ताई.” प्रत्येक वाक्याआधी सॉरी म्हणायची खोड होती तिला. आणि ही नाकात नळी, हातात सुई अशी पडल्यापडल्या म्हणाली होती, “अगं, वापर की.” दुसरं काय म्हणणार? आपण बाळ जन्माला घालावं आणि दुसरीनं आपला पैसा जन्माला घालावा, आणि लोकांनी दोघींनाही पेढे मागावेत. तिला नेमकं कशाचं वाईट वाटत होतं ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. जे व्हावं म्हणून तिनं जिवाचं रान केलं ते झालं होतं. फक्त ती तिथे नसताना झालं होतं.

“पण त्यांना हे नाव कशावरून पडलं?” तिनं विचारलं. म्हणजे विचारायचं होतं, पाणीवाल्या बाई तर मी ना. पण ते तोंडातून निघालं नाही. काकांनी चहा संपवून तळातला बिस्किटाचा गाळ चमच्यानं खाल्ला. “अहो, त्यांनी यंत्र बसवलं ना पाणी गाळायचं, बायकांच्या बराकीत. काय झालं, नव्या बाई गेल्या की बायका म्हणायच्या, पाणी गढूळ येतंय. यांनी नमुना पाठवला तपासायला. प्रयोगशाळेनं सांगितलं, पाणी चोख आहे. दुसरं कुणी असतं तर तिथंच सोडलं असतं. पण या म्हणाल्या, प्रयोगशाळा तिकडे राहिली, बायकांचा शब्द आधी. नव्या पैशातनं पहिली खरेदी हीच. एवढं मोठं यंत्र, स्टीलचं, दोन तोट्यांचं. आमच्या घरी नाही हो तसं! फीत कापली, अधीक्षकांनी पहिला पेला प्यायला, टाळ्या झाल्या. आणि या बायका कशा असतात बघा,” काका हात झटकून म्हणाले, “परवा गेलो तर पुन्हा तेच. पाणी गढूळ आहे! अहो, मशीन बसलंय तरी गढूळच! मी म्हटलं, यांच्या घरी काय दुधाचे नळ होते का?” आणि ते स्वतःच्या विनोदावर इतके हसले की मुलगी दचकून जागी झाली आणि रडायला लागली.

ती मुलीला खांद्यावर घेऊन उभी राहिली, खिडकीशी गेली, थोपटू लागली. थोपटताना हात आपोआप चालत होता आणि मन केव्हाच बराकीत जाऊन पोचलं होतं. पहिल्या पहिल्या फेऱ्यांतली एक दुपार. मेट्रन दारातच किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी, तिच्या अंगावरून उजेड अडलेला. काही त्रास? नाही बाई. जेवण? बरंय बाई. मारहाण वगैरे? छे हो बाई. सगळ्या एका सुरात, कविता पाठ म्हणाव्यात तशा. उकाड्यानं तिचाच घसा सुकला होता, विचारायचं काही उरलं नव्हतं आणि एवढ्यात उठून जायचीही लाज वाटत होती. म्हणून आपलं काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं होतं, “आणि पाणी?” तेव्हा शिवणाच्या मशीनवरची बाई, जिला सगळ्या शिवणवाली म्हणत, पांढऱ्या झालेल्या केसांची, ओठांत दोरा धरलेली, तिनं दोरा काढला आणि म्हणाली, “पाणी गढूळ येतंय हो बाई, चार दिवस झाले.” आणि हे म्हणताना ती नळाकडे बघत होती. नळ नीट बंद होत नव्हता. त्यातून पाणी पडत होतं, आणि ते काचेसारखं स्वच्छ होतं. शिवणवालीनं पाण्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाण्याकडे. बस्स. हिच्या अंगावर काटा आला होता. “बघू तरी कुठून येतं ते,” असं म्हणून ती उठली, आणि मेट्रननं हो-नाही म्हणायच्या आत नळाच्या मागच्या मोरीत गेली. तिथे एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाठ अशी की दोन रात्री हिला झोप आली नव्हती. तेव्हापासून ती पाणी विचारू लागली. पाणी बरंय म्हणजे बरंय. थोडं गढूळ म्हणजे कुणाला तरी झोडपलंय. प्यायचं कसं तेच कळत नाही म्हणजे उठ आणि धाव. या शब्दाबद्दल शिवणवाली आणि ती आपापसांत एक शब्दही कधी बोलल्या नव्हत्या. मेट्रन मात्र थट्टेनं म्हणायला लागली होती, “आल्या पाणीवाल्या बाई!” आणि बायकांनी ते नाव उचललं, इतकं गोड करून की मेट्रनला वाटलं असेल आपण किती विनोदी आहोत.

तर पाणी गढूळ होतं. यंत्र बसल्यावरही गढूळ होतं. त्या बायका त्या बिचाऱ्या नवीच्या तोंडावर पुन्हापुन्हा तेच ओरडून सांगत होत्या आणि ती त्यांना तोट्या बसवून देत होती. खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर आधी, तिला आनंद झाला. खिडकीच्या काचेत तिला आपलं तोंड दिसलं, मुलीच्या डोक्यावर टेकलेलं, आणि ते हसत होतं. नाही ना कळलं! गाडी कळली, समिती कळली, पैसा आणता आला, पण हे नाही ना कळलं! आणि कळणार कसं? रजेवर जाताना हिनं नवीला सगळं दिलं होतं. कपाटाच्या किल्ल्या, कुठल्या तुरुंगात कोण अधिकारी बरा आणि कोण तोंडावर गोड, कुठल्या फाटकाशी थांबवून ठेवतात, कुठल्या बराकीत उवा असतात म्हणून केस बांधून जायचं, सगळं. तासन्‌तास बसून सांगितलं होतं, आणि नवी भाबडेपणानं लिहून घेत म्हणाली होती, “सॉरी, पण तुमच्यासारखं हातचं न राखता कुणी सांगत नाही.” आणि हिनं हातचं राखलं होतं. तेवढं एकच. तेव्हा मनाला समजावलं होतं की असला शब्द जितक्या कमी तोंडांत तितका बरा. ते खरंही होतं. खोटं एवढंच होतं, की राखायचं कारण ते नव्हतं.

काका निघाले. जाताना त्यांनी मुलीच्या गालाला बोट लावलं आणि “आईवर गेलीय हो,” म्हणाले, आणि तिला तो टोमणा वाटला. दार लावून ती फोनपाशी गेली आणि परत आली. फोनवर असलं बोलायचं का? कोण ऐकत असेल कुणी सांगावं. संध्याकाळी बोलू. नाहीतर सरळ भेटूनच. मुलगी रडत होती, थांबायचं नाव घेईना. आतून सासूबाई आल्या आणि त्यांनी हात पुढे केले. त्यांच्या खांद्यावर गेल्यावर पोर एक हुंदका देऊन गप्प. “बघ कसं कळतं लबाडाला,” सासूबाई म्हणाल्या. त्या बिचाऱ्या लाडानं म्हणाल्या. पण हिच्या अंगाचा तिळपापड झाला. “भूक लागली असेल तिला, द्या इकडे,” ती म्हणाली. “अगं, आत्ताच तर प्यायली.” “द्या म्हटलं ना.” सासूबाईंनी पोर दिली. पोर पुन्हा भोकाड पसरून रडायला लागली. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जपून लावू लागल्या, आणि त्या जपण्यानंच हिला रडू आलं.

संध्याकाळभर ती कारणं शोधत राहिली. असं कुणी मुद्दाम कारणं शोधत नाही, ती येतात, हाताशी येऊन बसतात, पाळलेल्या मांजरांसारखी. नवीला सांगितलं आणि तिनं घाई केली तर? मेट्रनसमोर तोंडातून निघालं तर शिवणवालीचं काय? हे काम अनुभवाचं आहे. आपणच जावं. होय, आपणच. आणि हे मनात आल्याबरोबर तिला सगळं दिसायला लागलं: आपण फाटकातून आत जातोय, बराकीचं दार उघडतं, बायकांची मान वर होते, कुणीतरी म्हणतं, आल्या! शिवणवाली ओठांतला दोरा काढते आणि नुसती बघते, आणि त्या बघण्यात सगळं असतं, की बाई, तुमच्यावाचून इथे कुणाला काही कळत नाही हो. नवरा घरी आला, हातपाय धुऊन मुलीशी खेळत बसला, मग म्हणाला, “कुठे आहेस तू?” “इथेच.” “इथे नाहीयेस. सुटलेल्या माणसासारखी दिसतेयस.” तो गमतीनं म्हणाला. तिला मात्र वाटलं, सुटलेल्या माणसासारखी नाही, आत जायला आसुसलेल्या माणसासारखी. आणि मग एक घाणेरडा विचार आला, आला आणि हलेना. त्या बायकांनी आपली वाट बघावी असं आपल्याला वाटतं. पण वाट बघायला त्यांनी आतच असायला हवं. पाणी गढूळच असायला हवं. आज कुणाची तरी पाठ तशी झाली असेल तर ती आपल्या उपयोगी पडते आहे. मुलगी तिचं बोट मुठीत धरून झोपली होती. तिनं बोट सोडवून घेतलं, आणि लगेच, सोडवल्याचं वाईट वाटून, पुन्हा मुठीत घातलं.

सकाळी तिनं कचेरीत जायचे कपडे कपाटातून काढले. ब्लाउज छातीवर मिटेना. वरून शाल घेतली. “जाऊन ये, मी आहे,” सासूबाई म्हणाल्या, काल काही झालंच नाही अशा आवाजात. “दूध वाटीनं घातलं तर पिते माझ्याकडे.” तुमच्याकडे सगळंच करते, असं ओठांवर आलेलं तिनं मागे ढकललं आणि “येतेच,” म्हणाली. रस्त्यानं चालताना पाय नवखे वाटत होते. कचेरीच्या दाराशी गाडी उभी होती. पांढरी, साधी, दारावर फक्त कचेरीचं नाव. तिनं त्या दाराला हात लावून पाहिला. उन्हानं पत्रा तापला होता. या गाडीच्या नावानं तिनं किती उंबरे झिजवले होते, आणि आता ती अशी उभी होती, लग्न होऊन गेलेल्या मुलीसारखी, ओळख दाखवणारी पण दुसऱ्या घरची.

नवी जिन्यावरूनच उतरत येत होती, दोन दोन पायऱ्या टाकत. हिला बघून थबकली आणि तिचा चेहरा फुलला. अगदी खरा फुलला, त्याचीही हिला चीड आली. “ताई! सॉरी, पण तुम्ही इतक्यात? बाळ कुठाय?” “घरी आहे. तू बराकीकडे निघालीयस ना? मीही येते.” नवी ओशाळली. “सॉरी, पण रजेवरच्या माणसाला आत नाही ना नेता येत. तुम्हीच नियम घातलात.” खरंच होतं. पूर्वी बदलून गेलेले अधिकारी पाहुण्यारावळ्यांना तुरुंग दाखवायला आणत, प्राणी दाखवावेत तसे, म्हणून तिनं भांडून तो नियम करून घेतला होता. आता ती जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली, नियमाच्या बाहेरच्या बाजूला. सांगायचं, नाहीतर घरी जायचं. तिसरं काही नव्हतं. आणि त्या क्षणी ती घरी गेलीही असती. शप्पथ गेली असती. ‘सहज आले होते’ एवढे शब्द तिच्या जिभेवर तयार होते.

पण नवी पायरीवर बसली. “ताई, माझं काहीतरी चुकतंय,” ती म्हणाली, आणि यावेळी आधी सॉरी म्हणाली नाही. “पाण्याचं. मी परवा स्वतः प्यायले ते पाणी. चांगलं होतं. मी त्यांना म्हटलं, अहो, स्वच्छ आहे की! तेव्हा ती शिवणवाली नुसती माझ्याकडे बघत राहिली. तुम्हाला सांगते, आईनंसुद्धा कधी असं बघितलं नाही माझ्याकडे, मी नापास झाले तेव्हापण. मग म्हणाली, तुमच्या आधीच्या बाईंना विचारा पाण्याचं. हे ती काही पहिल्यांदाच म्हणाली नाही. मी आले तेव्हापासून म्हणतेय. आधीच्या बाईंना विचारा, आधीच्या बाईंना विचारा.”

“मग विचारलं का नाहीस?”

नवी नखानं दुसरं नख खरवडत राहिली. “राग यायचा मला,” ती शेवटी म्हणाली. “काही केलं तरी तुमचंच नाव. गाडी आणली तर म्हणाल्या, त्या बाईंना मिळायला हवी होती. डॉक्टर आणला तर, त्या असत्या तर खूश झाल्या असत्या. मला वाटलं, निदान पाणी तरी माझं असू दे. एवढं यंत्र बसवलं तर तरी मला... हसू नका हं ताई. आता म्हणतात मला पाणीवाल्या बाई. पण चिडवून म्हणतात. मला उशिरा कळलं ते.”

ती हसली नाही. दुधानं शालीच्या आत ब्लाउज भिजत चालला होता, घरी पोर उठली असणार. तिकडे बराकीत एक म्हातारी बाई ओठांत दोरा धरून निरोपावर निरोप पाठवत होती, आणि इकडे दोन शिकल्यासवरल्या बाया, एक सांगत नव्हती आणि एक विचारत नव्हती, कारण दोघींनाही ती म्हातारी आपली एकटीची हवी होती. तिला नवीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि तिला पोटाशी घ्यावंसंही वाटलं. त्यातलं काहीच न करता ती शेजारी पायरीवर बसली आणि तिनं सांगितलं. गढूळ म्हणजे काय, थोडं गढूळ म्हणजे काय, प्यायचं कळत नाही म्हणजे काय. सांगताना प्रत्येक शब्द आतून उपटून काढावा लागत होता, आणि प्रत्येक शब्दाबरोबर नवीचा चेहरा पांढरा होत होता. “मला निघतानाच सांगायला हवं होतं. मुद्दाम सांगितलं नाही,” ती म्हणाली. नवीनं तिच्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त मान हलवली, आपल्यालाही तोच रोग झालेलं माणूस हलवतं तशी, आणि उठली. “प्यायचं कळत नाही असं म्हणाल्या त्या,” नवी म्हणाली. “परवा. तसंच म्हणाल्या. मी म्हटलं, पेले कमी पडतात का?” आणि ती धावली. डॉक्टरला हाक, ड्रायव्हरला हाक, दारं धडाधड लागली आणि गाडी गेली. कुणालाही न कळवता, कुणाचीही परवानगी न मागता. अशी भेट तिनं आयुष्यभर मागितली होती, आणि ती कशी दिसते ते आज तिनं पहिल्यांदा पाहिलं, मागून.

ती कचेरीत बसून राहिली. तिच्या जुन्या खुर्चीत बसायचा धीर झाला नाही, बाकावर बसली. कारकूनकाकांनी पाणी आणून दिलं आणि तिनं पेला हातात धरून नुसताच ठेवला. मग काकांनी विचारलं, “काही चुकलं का हो माझं काल?” तर ती म्हणाली, “नाही काका, तुम्ही हसलात म्हणून कळलं.” त्यांना त्यातलं काही उमगलं नाही, पण ते दिवसभर तिच्याशी हळू आवाजात बोलले. घरी फोन केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “प्यायली, खेळली, झोपली. तुझी आठवण काढत होती.” एवढंसं पोर कसली आठवण काढतंय. तरीही तिला ते ऐकावंसं वाटलं, आणि ते सासूबाईंना कळलं होतं, आणि त्या कळण्यावर आज तिला राग आला नाही.

ऊन उतरता उतरता नवी आली. तिच्या अंगाला साबणाचा आणि कोंदट कपड्यांचा वास येत होता. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. धुण्याच्या जागेमागे कपडे वाळवायची खोली आहे, नकाशात नाही, बाहेरून कडी. आत एक पोरगी होती, कच्ची कैदी, अजून खटलाही उभा न राहिलेली. मेट्रनला उलट बोलली म्हणून कोंडलेली. मनगट मोडून तसंच जुळायला लागलं होतं, वाकडं. डॉक्टरनं तिथल्या तिथे तिला बाहेरच्या इस्पितळात हलवलं, खोलीला आपलं कुलूप लावलं, उद्या न्यायाधीशांपुढे. मेट्रन आडवी आली होती. “पण ताई, यंत्र बघायचंय म्हणून मी थेट मागे गेले ना, आणि ती समजली. तिथंच तिला कळलं, पाणी म्हणजे काय ते.” 

“म्हणजे शब्द जळाला.”

“जळाला. शिवणवालीशी दोन मिनिटं मिळाली मला, ती माझ्या बाहीला टाका घालत होती तेव्हा. आम्ही नवा ठरवला.”

“त्यांनी...” ती थांबली. माझं काही विचारलं का, असं विचारायचं होतं. ते गिळून तिनं दुसरं विचारलं, “काय ठरवला?”

नवीनं तोंड उघडलं. आणि मग मिटलं. तिच्या चेहऱ्यावर कसलाही वचपा नव्हता, उलट संकोच होता, हातात काही नाजूक धरलेल्या माणसाचा. “सॉरी,” ती म्हणाली. “जितक्या कमी तोंडांत तितका बरा. नाही का?”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “नकोच सांगूस.” आणि ते बरोबर होतं, इतकं बरोबर की त्यात बोट घालायला जागा नव्हती. तिनं नवीच्या खांद्यावर हात ठेवला, बाहीवरचा नवा टाका तिच्या बोटांना लागला, बारीक, सरळ, ओळखीच्या हाताचा, आणि तिनं हात काढून घेतला. खाली उतरताना तिचं मन आपलं आपणच तो नवा शब्द शोधायला लागलं. सुई असेल. नाही, फार जवळचा. ऊन असेल, झोप असेल, मीठ असेल. बाहेर रस्ता माणसांनी भरून वाहत होता, कुणी भाव करत होतं, कुणी पोराला रागावत होतं, आणि तिला वाटलं, या एवढ्या शब्दांत कुठेतरी तो आहे आणि तो आपल्याला ओळख देणार नाही. कोपऱ्यावर दोन बायका उभ्या होत्या, तिच्या काही नात्यागोत्याच्या नव्हत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, “वारा कसा पडलाय बघ आज,” आणि ती चालता चालता थांबली, शाल छातीशी धरून, दुसरी काय उत्तर देते ते ऐकत.